विश्लेषण : गोव्याचा पाद्री श्रीलंकेचा पहिला संत कसा झाला? जोसेफ वाझ आणि ओरेटोरियन संघाची कहाणी

कोलंबोच्या गॉल फेस ग्रीन मैदानावर १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी जोसेफ वाझ यांना संत घोषित केले. श्रीलंकेला पहिला संत मिळाला, तो मात्र सासष्टीतल्या बाणावलीत जन्मलेला, कोंकणी बोलणारा गोव्याचा माणूस होता. गोव्यात त्याच्या रंगाच्या पाद्रीला कोणताही युरोपीय धर्मसंघ आत घेत नव्हता. सिलोनमध्ये मात्र त्याच रंगामुळे तो जिवंत राहिला आणि काम करू शकला. १६ जानेवारी हा त्यांचा स्मृतिदिन. वाझ यांचे आयुष्य आणि त्यांनी उभ्या केलेल्या संघाचा इतिहास काय सांगतो?

कोण होते जोसेफ वाझ?

जन्म २१ एप्रिल १६५१, बाणावली येथे, आईच्या घरी. वडील क्रिस्तोव्हांव वाझ सांकवाळचे, आई मारिया द मिरांडा. सहा भावंडांत जोसेफ तिसरे. वाझ घराणे मूळचे ब्राह्मण, सासष्टीतल्या धर्मांतरांनंतर ख्रिस्ती झालेले. पोर्तुगीज भाषा ते सांकवाळला शिकले, लॅटिन बाणावलीला. पुढचे शिक्षण गोवा शहरात म्हणजे आजच्या जुने गोव्यात झाले. जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात भाषा आणि साहित्य, डॉमिनिकन संघाच्या सेंट थॉमस अक्विनास विद्यालयात तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र.

१६७६ मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. त्या काळचे बरेच पाद्री पालखीतून फिरत. वाझ अनवाणी चालू लागले. प्रवचनकार म्हणून त्यांचे नाव लवकर झाले, कुमसारासाठी लोक त्यांच्याकडे येऊ लागले. सांकवाळला त्यांनी मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली. ५ ऑगस्ट १६७७ रोजी तिथल्याच चर्चमध्ये त्यांनी स्वतःला मारियामातेचा कायमचा गुलाम जाहीर करणारा लेखी दस्तऐवज केला. ज्या समाजात माणसांची खरेदी-विक्री चालत होती आणि गुलाम म्हणजे काय हे रस्त्यावर रोज दिसत होते, तिथे एका उच्चवर्णीय तरुणाने हा शब्द स्वतःसाठी निवडला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्यांचे मन मात्र सिलोनकडे लागले होते. तिथे कॅथलिक आहेत पण पाद्री नाही, हे त्यांच्या कानावर आले होते. वरिष्ठांनी त्यांना आधी कानडा किनाऱ्यावर धाडले.

मंगळूरमध्ये त्यांना कोणत्या वादाला तोंड द्यावे लागले?

१६८१ ते १६८४ ही तीन वर्षे वाझ यांनी मंगळूर, बसरूर, गंगोळी या पट्ट्यात काढली. हा मुलूख केळदीच्या नायकांचा. गोव्यातून स्थलांतरित झालेली कॅथलिक कुटुंबे तिथे वसली होती. त्यांच्यावर अधिकार कोणाचा, यावरून भांडण जुंपले होते.

पोपने पूर्वेकडील चर्चची व्यवस्था पोर्तुगालच्या राजाकडे सोपवली होती. त्या हक्काला पाद्रुआदो म्हणत. पुढे रोमने प्रोपागंडा फिदे ही स्वतःची यंत्रणा उभी केली आणि पोर्तुगीजांना न विचारता बिशप नेमायला सुरुवात केली. मंगळूरला प्रोपागंडाने नेमलेले बिशप तोमास द कास्त्रो होते आणि ते स्वतः दिवाडी बेटावरचे गोमंतकीय. म्हणजे पोर्तुगालच्या बाजूने गेलेला प्रतिनिधी गोव्याचा आणि रोमच्या बाजूने बसलेला बिशपही गोव्याचा. लिस्बन आणि रोमच्या भांडणात दोन्हीकडून गोमंतकीयच उभे होते. वाझ यांनी वाद पेटवला नाही, तडजोडीचा मार्ग शोधला आणि बराच वेळ गावोगावी मिस्सा आणि संस्कार देण्यात घालवला.

ते परतले तेव्हा गोवा हादरलेला होता. १६८३ च्या अखेरीस छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजा सासष्टी आणि बारदेशात उतरल्या होत्या. मोगल फौज कोकणात उतरल्यामुळे मराठ्यांना माघारी वळावे लागले, पण पोर्तुगीज सत्ता किती पोकळ झाली आहे हे सगळ्यांना दिसून चुकले होते.

भारतीयांना धर्मसंघात प्रवेश का नव्हता?

इथे थोडे थांबून कॅथलिक चर्चची रचना समजून घ्यावी लागते. पाद्री दोन प्रकारचे असतात. एक बिशपच्या हाताखाली धर्मप्रांतात काम करणारे. दुसरे जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा धर्मसंघांचे सदस्य, जे दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाची व्रते घेऊन संघाच्या घरात राहतात. मिशनची कामे, मोठी चर्चे, कॉलेजे, जमिनी हे सगळे त्या काळी संघांच्या हाती होते.

गोव्यात भारतीय माणसाला पाद्री होता येत असे, धर्मसंघाचा सदस्य होता येत नसे. स्थानिक लोक व्रते पाळायला कच्चे असतात, अशी कारणे दिली जात. खरा मुद्दा बरोबरीचा होता. संघात घेतले तर एकाच पंगतीला बसवावे लागेल आणि उद्या तोच वरिष्ठ म्हणून निवडून येईल. याच वागणुकीला कंटाळून दिवाडीचे मातेउश द कास्त्रो हे याआधी थेट रोमला गेले होते आणि तिथून बिशप होऊन आले होते. गोव्यातल्या पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी त्यांना आयुष्यभर पाण्यात पाहिले.

मग ही भिंत ओलांडली कशी?

काही गोमंतकीय पाद्रींनी वेगळी युक्ती केली. पाश्कोआल द कोश्ता जेरेमियास यांच्या पुढाकाराने ते जुने गोव्यातल्या बोआ व्हिस्ता टेकडीवरच्या सांता क्रूझ दुश मिलाग्रिश, म्हणजे चमत्कारांचा क्रूस, या चर्चजवळ एकत्र राहू लागले. २५ सप्टेंबर १६८५ रोजी वाझ त्यांच्यात सामील झाले आणि लगेच प्रमुख म्हणून निवडले गेले.

नुसते एकत्र राहून संघ होत नाही, त्याला नियम आणि मान्यता लागते. वाझ यांनी रोमच्या फिलिप नेरी यांचा नमुना घेतला. नेरी यांच्या ओरेटरीला पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५७५ मध्ये मान्यता दिली होती. तिचे वैशिष्ट्य असे की सदस्य व्रते घेत नाहीत. ते धर्मप्रांताचेच पाद्री राहतात, फक्त एका घरात राहतात, एकत्र प्रार्थना करतात, एका नियमाने काम करतात. व्रतेच नसल्यामुळे भारतीयांना व्रते झेपत नाहीत हा आक्षेप गळून पडला. आर्चबिशपांच्या संमतीने गोव्याची ओरेटरी उभी राहिली. सगळे सदस्य भारतीय, प्रमुखही भारतीय. पोर्तुगीज आशियाच्या राजधानीत अशी संस्था उभी राहणे ही साधी गोष्ट नव्हती.

या घराचे काम गावोगाव प्रवचने देणे, कुमसार ऐकणे, आजारी माणसांकडे जाणे असे होते. दुसरे काम वाझ यांच्या डोक्यात केव्हापासून होते. १६८६ मध्ये त्यांनी प्रमुखपद सोडले आणि जुआंव नावाच्या विश्वासू सेवकाला सोबत घेऊन दक्षिणेचा रस्ता धरला. ते गोव्यात पुन्हा कधीच आले नाहीत.

सिलोनमध्ये कॅथलिकांवर बंदी का होती?

सिलोनचा किनारा सुमारे दीडशे वर्षे पोर्तुगीजांच्या प्रभावाखाली होता. १६५६ मध्ये डचांनी कोलंबो जिंकले, १६५८ मध्ये जाफना. डच ईस्ट इंडिया कंपनी दालचिनीच्या व्यापारासाठी आली होती, धर्मप्रसाराचा तिला फारसा सोस नव्हता. पण कॅथलिक म्हणजे पोर्तुगीजांचा हस्तक, असे तिचे गणित होते. फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पाद्रींना हाकलण्यात आले. कॅथलिक पाद्रीला घरात लपवणाऱ्याला देहदंडाची शिक्षा जाहीर झाली. चर्चे कॅल्व्हिनपंथीयांकडे गेली. बाप्तिस्मा आणि लग्नाची नोंद डच चर्चमध्येच करावी लागे, नाहीतर जमिनीचा वारसा आणि सरकारी काम हातचे जाई.

पोटापाण्यासाठी लोक डच चर्चमध्ये नाव लावत आणि घरी क्रूस जपत. एक पिढी अशीच गेली. या लोकांपर्यंत पोहोचायचे तर युरोपीय पाद्री उपयोगाचा नव्हता, तो बंदरावरच ओळखला जाई. उघड्या अंगाचा, लुंगी नेसलेला, उन्हाने रापलेला माणूस कोणी दोनदा पाहत नसे. गोव्यात जे अंग कमीपणाचे ठरले, ते इथे परवाना ठरले.

वाझ जाफन्यात कसे शिरले?

किनाऱ्याने पायी चालत वाझ आणि जुआंव तुतिकोरीनला पोहोचले. तिथून समुद्र ओलांडून १६८७ मध्ये ते जाफन्यात आले. वेष हमालाचा. उपासमार आणि प्रवासाने वाझ यांना जुलाबाचा गंभीर आजार जडला. साथ पसरेल या भीतीने लोकांनी त्यांना वस्तीबाहेर रानात नेऊन ठेवले. एक बाई रोज कांजी आणून देत राहिली म्हणून दोघे वाचले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते.

बरे झाल्यावर पुढचा प्रश्न होता, कॅथलिक कोण हे ओळखायचे कसे? उघड विचारणे म्हणजे स्वतःला पकडून देणे. वाझ यांनी गळ्यात जपमाळ अडकवली आणि दारोदार भीक मागायला सुरुवात केली. बहुतेक लोक भीक घालून दार लावत. एखाद्या घरी मात्र माळेकडे नजर रेंगाळायची. अशी घरे त्यांनी लक्षात ठेवली. थोडा विश्वास बसल्यावर एका कुटुंबाला त्यांनी आपण पाद्री असल्याचे सांगितले. मग जाफन्याजवळच्या सिल्लालै गावात त्यांचे गुप्त ठाणे झाले. मिस्सा रात्री होई. दिवसा ते भिकाऱ्याच्या वेषात पुढच्या गावाला निघत. तमिळ ते याच काळात शिकले.

डचांना सुगावा लागला. घरांवर छापे पडले, सापडलेल्या कॅथलिकांना मारहाण झाली, दंड आणि तुरुंगवास झाला. वाझ निसटले. आपल्यामुळे इतरांना शिक्षा होते, ही टोचणी या कामात नेहमीची होती. त्यांच्या धाडसाची गोष्ट सांगताना ज्यांनी दार उघडले त्या गावकऱ्यांची किंमत अनेकदा विसरली जाते. वाझ यांना परका मुलूख सोडून जाता येत होते. त्या लोकांची घरे, शेते आणि मुलेबाळे तिथेच होती.

१६९० मध्ये ते पुत्तलमला गेले. हा भाग कँडीच्या राजाचा होता, डचांचा नव्हता.

कँडीच्या बौद्ध राजाने त्यांना का ठेवून घेतले?

आधी अटक झाली. १६९२ मध्ये वाझ कँडीला पोहोचले तेव्हा दरबारातल्या लानरोल नावाच्या फ्रेंच कॅल्व्हिनपंथीयाने ते पोर्तुगीज हेर असल्याची वर्दी दिली. त्यांना कैदेत टाकले गेले. आक्षेप अगदीच निराधार होता असेही म्हणता येत नाही. कँडीच्या राजांनी पोर्तुगीजांशी पिढ्यानपिढ्या लढाया केल्या होत्या आणि हा माणूस पोर्तुगीजांच्या गोव्यातून, वेष पालटून आलेला होता.

कैदेत वाझ सिंहली शिकू लागले. पहारा हळूहळू सैल झाला. त्यांनी आवारातच झोपडीवजा प्रार्थनाघर उभे केले. कँडीत पूर्वीच्या युद्धांत पकडलेल्या पोर्तुगीजांचे आणि मिश्र वंशाचे कॅथलिक वंशज राहत होते. त्यांनी आयुष्यात पाद्री पाहिला नव्हता. ते या झोपडीकडे येऊ लागले.

राजा दुसरा विमलधर्मसूर्य निष्ठावान बौद्ध होता. भिक्षूंची खंडित झालेली उपसंपदा परंपरा पुन्हा सुरू करण्यासाठी त्याने आराकानहून भिक्षू आणवले. अशा राजाने एका कॅथलिक पाद्रीला मोकळे सोडावे याचे कारण म्हणून चर्चच्या परंपरेत पावसाची कथा सांगतात. दुष्काळात वाझ यांनी चौकात क्रूस उभारून प्रार्थना केली, मुसळधार पाऊस आला आणि ते मात्र कोरडे राहिले, अशी ती कथा. ती मानणे न मानणे ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. राजकीय कारणही समोर दिसते. डचांना जो नको, तो कँडीला चालण्यासारखा होता, फक्त तो हेर नाही एवढी खात्री पटायला हवी होती.

ती खात्री देवीच्या साथीने पटवली. १६९७ मध्ये कँडीत देवीचा कहर झाला. राजा आणि सरदार शहर सोडून गेले. ज्यांच्या अंगावर फोड दिसले त्यांना नातेवाईक घराबाहेर काढत, रानात टाकून येत. वाझ आणि गोव्याहून नुकतेच आलेले त्यांचे भाचे जोसे कार्व्हाल्यो यांनी ओसाड घरांत रुग्णांना ठेवले, जेवू घातले, जखमा धुतल्या, मेलेल्यांना पुरले. रुग्ण कॅथलिक आहे की बौद्ध हे पाहिले गेले नाही. राजा परतला तेव्हा ही दोन माणसे शहरात होती आणि अनेक लोक त्यांच्यामुळे जिवंत होते. यानंतर वाझ यांना राज्यात हिंडायची मोकळीक मिळाली.

त्यांच्या कामाचा विस्तार किती झाला?

गोव्याच्या ओरेटरीतून आणखी पाद्री येऊ लागले. वाझ यांनी बेटाचे विभाग पाडले, प्रत्येक पाद्रीला एक भाग नेमून दिला आणि जिथे पाद्री पोहोचत नाही तिथे प्रार्थना चालवण्यासाठी, मुलांना शिकवण्यासाठी गावातलाच माणूस तयार केला. पाद्री पकडला गेला तरी गावाचे काम थांबत नसे. डच हद्दीत ते अजूनही वेष पालटूनच जात.

१७०५ मध्ये दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस आले. त्यांना वाझ यांनी भाषेच्या कामाला लावले. गोन्साल्विस यांनी सिंहली आणि तमिळमध्ये प्रार्थना, स्तोत्रे, धर्मग्रंथ, कोश असे इतके लिहिले की सिंहली कॅथलिक साहित्याचा पाया त्यांनीच घातला असे मानतात. पोपचे दूत शार्ल तूर्नों यांनी वाझ यांना बिशप करण्याचा विचार बोलून दाखवला होता. वाझ यांनी तो नाकारला.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडीत त्यांचा मृत्यू झाला. वय ५९. त्यांच्या मृत्यूच्या वेळी बेटावर सत्तर हजार कॅथलिक होते, असा आकडा चर्चच्या इतिहासात दिला जातो. त्यांना तिथल्याच चर्चमध्ये पुरले. पुढे १७४० च्या दशकात कँडीच्या दरबाराने मिशनऱ्यांना हाकलले, चर्च गेले आणि कबरीची जागाही हरवली.

संघाचे पुढे काय झाले?

ओरेटोरियन पाद्री कँडीतून हाकलले गेले तरी डच किनाऱ्यावर टिकून राहिले. १७९६ मध्ये इंग्रज आले आणि १८०६ मध्ये गव्हर्नर मेटलंड यांनी कॅथलिकांवरची बंधने उठवली. तोवर एका शतकाहून अधिक काळ या बेटावरचे कॅथलिक प्रामुख्याने गोव्याच्या एका घरातून आलेल्या पाद्रींनी सांभाळले होते. १८३४ मध्ये सिलोनसाठी रोमने स्वतंत्र व्यवस्था केली, तेव्हा पहिले प्रमुख झाले तेही गोव्याचे ओरेटोरियन, व्हिसेंते दु रोझारियो.

आणि त्याच सुमारास मूळ घर बंद पडले. पोर्तुगालमधल्या उदारमतवादी सरकारने १८३४ मध्ये धर्मसंघ बरखास्त केले, १८३५ मध्ये हा हुकूम गोव्यात लागू झाला. ज्यांनी व्रते घेतली नाहीत म्हणून ज्यांना संघ म्हणायलाही कोणी तयार नव्हते, त्या ओरेटोरियनांनाही तो लागू झाला. सिलोनला नवे गोमंतकीय पाद्री पाठवणारा झरा आटला. तिथली सूत्रे पुढे युरोपीय मिशनऱ्यांकडे गेली.

गोव्याच्या ओरेटरीबद्दल एक गोष्ट अनेकदा आदराने टाळली जाते. युरोपीयांनी भारतीयांना दार बंद केले म्हणून हा संघ निघाला, पण त्याने स्वतःचे दार फक्त ब्राह्मण मुळाच्या पाद्रींसाठी उघडे ठेवले. चारडो म्हणजे क्षत्रिय मुळाच्या पाद्रींनी पुढे १८ व्या शतकात चिंबल येथे आपला वेगळा कार्मेलाइट गट स्थापला. कष्टकरी जातींतल्या ख्रिस्ती माणसाला यांपैकी कुठेच जागा नव्हती. जाफन्याच्या रानात वाझ यांच्यासोबत तोच आजार, तीच भूक काढणाऱ्या जुआंवचे नाव इतिहासात सेवक म्हणूनच राहिले.

संतपदाला तीनशे वर्षे का लागली?

मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १७१३ मध्ये, कोचीनच्या बिशपांनी प्रक्रिया सुरू केली होती. पण संतपदाची प्रक्रिया पुढे रेटायला पैसा, कागदपत्रे आणि रोममध्ये पाठपुरावा करणारी संस्था लागते. जेझुइट आणि फ्रान्सिस्कनांकडे ती होती. वसईच्या गोन्सालो गार्सिया यांना नागासाकीत १५९७ मध्ये क्रुसावर मारले गेले, ते फ्रान्सिस्कन संघाचे होते आणि १८६२ मध्ये संत झाले. वाझ यांच्या मागे उभा राहील असा संघच १८३५ नंतर उरला नव्हता.

विसाव्या शतकात गोवा आणि श्रीलंकेतल्या अभ्यासकांनी त्यांची पत्रे आणि जुनी चरित्रे पुन्हा बाहेर काढली. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबोत त्यांना धन्यवादित घोषित केले, ही संतपदाच्या अलीकडची पायरी. संतपदासाठी एरवी लागणाऱ्या दुसऱ्या चमत्काराची अट पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या बाबतीत शिथिल केली. दरम्यान २००० मध्ये गोवा-दमण महाधर्मप्रांताने त्यांना आपले आश्रयदाते मानले.

सांकवाळच्या ज्या चर्चमध्ये त्यांनी गुलामीचा तो कागद केला, ते १८३४ मध्ये जळाले. त्याची पांढरी दर्शनी भिंत तेवढी आजही उभी आहे आणि जवळच वाझ यांचे तीर्थस्थान आहे. जुने गोव्यातल्या टेकडीवर ओरेटरीच्या चर्चचे अवशेष झाडोऱ्यात उभे आहेत. ज्या चमत्कारी क्रुसामुळे ते चर्च बांधले गेले, तो क्रूस आता खाली से कॅथेड्रलमध्ये आहे.